अप्पांचे ग्राफ, एक हार्ड डिस्क आणि दोन सिस्टिम

अप्पांचे ग्राफ पत्र्याच्या ट्रंकेत होते, मोजले तर ३४० भरले. अप्पा, म्हणजे माझे वडील, जेकार्डचे (भोकांच्या कार्डांवरून कापडात नक्षी विणणारा माग) डिझायनर. सोलापुरातल्या पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी चादरीची, टॉवेलची डिझाइन ग्राफ पेपरवर रंगवायचे, एकेक चौकोन भरून, एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा भेटायची जागा, चौकोन भरलेला असला तर उभा धागा वर आणि मोकळा असला तर खाली, आणि त्यावरून मग कार्डांना भोकं पडायची. आता तेच काम माझा मोठा भाऊ, अण्णा, कॉम्प्युटरवर करतो. कागद पिवळे पडायला लागलेत, घडीवर फाटायला लागलेत, म्हणून गेल्या पावसाळ्यात ठरवलं की सगळे स्कॅन करून ठेवायचे, आणि पुढचं सगळं हार्ड डिस्कचं प्रकरण त्यातनं सुरू झालं.

स्कॅनिंग सात रस्त्याजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे केलं, त्याच्याकडे ए-थ्रीचं स्कॅनर आहे. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ (चित्र जसंच्या तसं ठेवणारी फाइल). एका पानाची फाइल २०० एमबीच्या वर जाते, म्हणजे ३४० पानांचे ७० जीबी. जेपेगमध्ये केलं असतं तर दहावा भागसुद्धा लागला नसता पण अप्पांनी पेन्सिलीनं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुठला नंबरचा धागा, किती चौकोनांनंतर डिझाइन परत, ते जेपेगमध्ये पुसट होतं. तिथं मी तडजोड केली नाही.

आता अडचण अशी की अण्णाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्याच्या डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे. आणि माझा लॅपटॉप २०१५चा, त्याच्यावर ११ चढत नाही, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन चांगलं चालतंय, कीबोर्ड धड आहे, ते भंगारात घालायला माझं मन होईना, तेव्हा भाच्यानं (अण्णाचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे) त्याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकून दिली. लॅपटॉप पहिल्यापेक्षा पळतो. पण आता घरात दोन सिस्टिम झाल्या आणि दोन्हीच्या मधे १ टीबीची एकच एक्स्टर्नल हार्ड डिस्क, पाच-सहा वर्षांपूर्वी नवी पेठेतनं घेतलेली. तिचेच दोन भाग, म्हणजे पार्टिशन, करायचं ठरवलं.

तुम्ही म्हणाल, मग त्यात पार्टिशन कशाला, लिनक्सला एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत) वाचता येतं, लिहिताही येतं, एकच मोठा भाग ठेवायचा आणि दोघांनी वापरायचा. मलाही तसंच वाटत होतं. पण मिंटमध्ये टाइमशिफ्ट म्हणून एक सोय असते, ती सिस्टिमचा स्नॅपशॉट घेऊन ठेवते, एखादं अपडेट बिघडलं की कालच्या दिवसावर परत जाता येतं. तो स्नॅपशॉट एनटीएफएसवर किंवा एक्सफॅटवर (ही दोन्ही सिस्टिमला चालणारी पद्धत) ठेवता येत नाही, त्याला लिनक्सचीच फाइल सिस्टिम लागते, म्हणजे एक्स्ट-फोर, कारण कुठली फाइल कुणाच्या मालकीची, कुणाला परवानगी, हे सगळं जसंच्या तसं जपायला लागतं. आणि एक्स्ट-फोर विंडोजला कळत नाही. म्हणून दोन खोल्या. एक सगळ्यांची बसायची, एक फक्त मिंटची.

पार्टिशन करणं दहा मिनिटांचं काम आहे. त्याच्या आधीचं काम दोन दिवसांचं आहे आणि खरं काम तेच आहे, डिस्कवरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवणं. डिस्कवर ४१० जीबी होते, लग्नांचे व्हिडिओ, माझ्या शाळेचं, भाच्याच्या लहानपणीचे फोटो, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या काठ्यांच्या (नंदीध्वजांच्या) मिरवणुकीचं दरवर्षीचं शूटिंग. विंडोजमध्ये आहे तेच पार्टिशन श्रिंक करून मागे जागा मोकळी करता येते, डेटा न काढता, भाचा म्हणत होता तसं कर. मी नाही म्हटलं. श्रिंक करताना मधेच लाइट गेली तर? ज्या गोष्टीची दुसरी कॉपी नाही तिच्यावर असा प्रयोग करायचा नाही, ह्यात मी आजही ठाम आहे.

तर अण्णाच्या डेस्कटॉपवर ५०० जीबी मोकळे होते, तिकडे कॉपी लावली. पहिल्यांदा पुढच्या पोर्टला लावली तर साडेतीन तास दाखवायला लागलं, भाचा आला आणि म्हणाला, "आत्या, ते जुनं यूएसबी टू हाय, मागं निळं पोर्ट हाय बघ, त्याला लाव." निळ्याला लावल्यावर सव्वा तासात झालं. मग दोन्हीकडची प्रॉपर्टीज उघडून आकडे जुळवले तर जुळेनात, डिस्कवर ३८ जीबी जास्त. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं काहीतरी कॉपी व्हायचं राहिलं. शोधता शोधता सापडलं की मिंटमधनं एक्स्टर्नल डिस्कवरची फाइल डिलीट केली की ती त्याच डिस्कवर एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये जाऊन बसते, नावाच्या सुरुवातीला टिंब असतं म्हणून मिंटमध्ये ती दिसत नाही. तीन महिने मी जे जे पुसलं ते सगळं तिथं पडून होतं आणि अण्णानं कॉपी करताना नको म्हणून तेवढं एक फोल्डर सोडलं होतं. मिंटवाल्यांनी हे लक्षात ठेवा, कचरा रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

आकडे जुळल्यावरसुद्धा मी दहा-बारा फायली उघडून पाहिल्या, मधनं मधनं, कुठलीही. स्कॅनची तर एक जादा कॉपी माझ्या लॅपटॉपमध्ये होतीच.

मग जीपार्टेड, लिनक्समधलं पार्टिशन करायचं सॉफ्टवेअर. उजव्या कोपऱ्यात वर डिस्कची यादी असते, एसडीए, एसडीबी अशी. उघडल्यावर एसडीए समोर असते आणि ती लॅपटॉपच्या आतली असते. मी माऊस न्यायच्या आत भाचा ओरडला, "थांब थांब, ते आतलं हाय!" मी तिकडंच बघत होते, साइजवर. आतली एसएसडी २२३ जीबी दाखवते आणि बाहेरची ९३१. (१ टीबीची डिस्क ९३१ का दाखवते हे शाळेतली पोरंसुद्धा विचारतात. कंपनी हजार-हजारच्या हिशेबानं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४च्या, जागा कुठं गेलेली नसते.) नावावर जाऊ नका, दुसरा पेनड्राइव्ह लावलेला असला की नाव बदलतं. साइज बघा आणि शंका आली तर डिस्क काढून बघा, यादीतनं कुठलं नाव गेलं ते.

जीपार्टेडचं मला आवडलं ते हे की तुम्ही काहीही ठरवलं तरी ते लगेच होत नाही, खाली यादीत जमा होत राहतं आणि वरची हिरवी खूण दाबली की मगच डिस्कला हात लागतो. तोपर्यंत मागे फिरता येतं. आम्ही ती यादी दोघांनी मोठ्यानं वाचली आणि मग दाबलं.

पहिल्या वेळी मी असं केलं: पार्टिशन टेबल (डिस्कवर कुठला भाग कुठं ह्याची यादी) जीपीटी, कारण ते नवं आहे आणि स्वतःची एक जादा प्रत डिस्कच्या शेवटाला ठेवतं. पहिला भाग ७८१ जीबी एक्सफॅट, दुसरा १५० जीबी एक्स्ट-फोर. एक्सफॅट का, तर जिकडंतिकडं तेच सांगतात, विंडोजला चालतं, लिनक्सला चालतं, मॅकला चालतं. फॅट ३२चा विचारच नव्हता, त्याच्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही आणि काठ्यांच्या मिरवणुकीची माझी एकेक फाइल ६ जीबीची.

झालं म्हणून रात्री लॅपटॉपमधले स्कॅन डिस्कवर टाकायला घेतले तर सत्तावीस फायली जाईनात. इनव्हॅलिड आर्ग्युमेंट म्हणायचं. बाकीच्या जातायत, ह्याच का नाही? नीट पाहिल्यावर कळलं. स्कॅन करताना मी अप्पांना प्रत्येक ग्राफचं साल विचारून फाइलच्या नावात घातलं होतं आणि जिथं त्यांना नक्की आठवत नव्हतं तिथं मी पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मोरपट्टी १९८७ आणि प्रश्नचिन्ह. लिनक्सला नावात प्रश्नचिन्ह चालतं, कोलन चालतो, एक्सफॅटवर ते चालत नाही, विंडोजलाही नाही. सत्तावीस ठिकाणी प्रश्नचिन्ह काढून "अंदाजे" लिहिलं. मराठी नावांना मात्र काही झालं नाही, दोन्हीकडं देवनागरी व्यवस्थित दिसतं, ह्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती.

परत कॉपी लावली. आणि साडेदहाला लाइट गेली.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली आहे, तो चार्जरवरच चालतो, आणि डिस्कला वेगळा प्लग नाही, ती यूएसबीतनंच करंट घेते. म्हणजे लॅपटॉप गेला आणि डिस्कही गेली, लिहिता लिहिता. वीस मिनिटांनी लाइट आली. डिस्क अण्णाच्या कॉम्प्युटरला लावली तर ड्राइव्हमध्ये प्रॉब्लेम आहे, स्कॅन करून दुरुस्त करा असा मेसेज. दुरुस्त केलं. चार फायली शून्य साइजच्या, आणि एक फोल्डर, ज्याच्यात मी आधी टाकलेले, आधीच पूर्ण झालेले ग्राफ होते, ते उघडेचना. अर्धवट राहिलेली फाइल गेली तर ते मला समजू शकतं, पण झालेलं फोल्डर जावं हे मला फार लागलं. मूळ प्रत होती म्हणून काही गमावलं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं समजावून सांगितलं आणि मी ते माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. दुकानदार कसा आधी कच्च्या वहीत लिहितो आणि मग पक्क्या वहीत चढवतो, मधेच उठावं लागलं तरी कच्च्या वहीवरून कळतं कुठवर आलो होतो. एनटीएफएस आणि एक्स्ट-फोरला अशी कच्ची वही असते, तिला जर्नल म्हणतात. एक्सफॅटला नसते. ते थेट पक्क्या वहीत लिहितं आणि तिथंच हात थांबला तर पानाचा हिशेब लागत नाही. जर्नल असलं तरी अर्धी कॉपी झालेली फाइल पूर्ण होत नाही हो, पण बाकीची वही शाबूत राहते. कॅमेऱ्याच्या कार्डाला एक्सफॅट ठीक आहे. जिथं लाइटचा भरवसा नाही आणि लॅपटॉपला बॅटरी नाही तिथं माझ्या मते नाही. शिवाय एवढ्या मोठ्या पार्टिशनवर एक्सफॅट प्रत्येक फाइलला कमीत कमी १२८ केबीचा कप्पा देतं, फाइल दोन केबीची का असेना, म्हणजे दहा हजार चिल्लर फायली असतील तर सव्वा जीबी नुसते कप्प्यांत जातात.

आणि अजून एक राहिलं होतं, टीव्ही. अप्पा ऐंशीच्या पुढे आहेत, गड्ड्याच्या दिवसांत त्यांना गर्दीत नेता येत नाही, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला (यात्रेतलं प्रतीकात्मक लग्न) त्यांनी जन्मभर जायचं चुकवलं नव्हतं. आता दरवर्षी जानेवारीत मी त्यांना मागच्या वर्षांच्या काठ्या टीव्हीवर लावून देते, तीच डिस्क टीव्हीला लावून. ह्या वेळी लावली तर टीव्हीला डिस्क दिसेचना. अप्पा म्हणाले, "काय झालं गं, काठ्या दिसंनात की."

इथं मी घाई केली नाही. डिस्क परत पुसायच्या आधी घरातला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला आणि त्याच्यावर एकेक करून बघितलं. जुनं एमबीआर टेबल आणि एक्सफॅट: टीव्ही वाचत नाही. जीपीटी आणि एनटीएफएस: वाचत नाही. एमबीआर आणि एनटीएफएस: लगेच वाचलं. म्हणजे टीव्हीला दोन्ही गोष्टी नको होत्या. तुमचा टीव्ही वेगळा असेल, पण हा प्रयोग पेनड्राइव्हवर अर्ध्या तासात होतो आणि डिस्क पुसायच्या आधीच करायला हवा, नंतर नाही.

एमबीआर म्हणजे जुनाट, वापरू नये असं भाच्याचं म्हणणं. पण त्याची अडचण २ टीबीच्या वर सुरू होते, त्याच्याकडं जागेचा नंबर लिहायला ३२ बिट आहेत आणि ५१२ बाइटच्या तुकड्यांनी मोजलं की तो आकडा तिथं संपतो. माझी डिस्क १ टीबीची. आणि मुख्य पार्टिशन चारच करता येतात, मला दोन पाहिजेत. तर दुसऱ्या वेळी एमबीआर (जीपार्टेडमध्ये ते एमएसडॉस नावानं दिसतं), पहिला भाग एनटीएफएस, दुसरा एक्स्ट-फोर. पहिला एनटीएफएस मुद्दाम, कारण आमचा टीव्ही पहिल्याच भागात डोकावतो. आणि ह्या वेळी कॉपी अण्णाच्या कॉम्प्युटरवरनं केली, त्याला यूपीएस आहे.

दुसऱ्या भागाच्या बारीकसारीक गोष्टी सांगते. फॉरमॅट केल्या केल्या १५० जीबीमधले साडेसात जीबी आधीच गायब, कारण एक्स्ट-फोर पाच टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवतं. ज्या डिस्कवर सिस्टिम चालते तिथं ते बरोबर आहे, नुसत्या साठवणीच्या डिस्कवर गरज नाही, ट्यूनटूएफएस कमांडनं शून्य करता येतं. दुसरं, नव्या भागात मला साधं फोल्डरसुद्धा करता येईना, कारण त्याची मालकीही रूटची. टाइमशिफ्टला त्यानं फरक पडत नाही, पण मला माझ्या होम फोल्डरची (माझ्या स्वतःच्या फायलींची) कॉपी तिथं ठेवायची होती, टाइमशिफ्ट होम घेत नाही मुळात, फक्त सिस्टिम घेतं, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि आपला बॅकअप आहे ह्या समजुतीत राहतात. चाओन कमांडनं माझ्यापुरतं एक फोल्डर माझ्या नावावर केलं. पहिला स्नॅपशॉट १४ जीबीचा झाला, पुढचे फक्त बदललेल्या फायलींचे असतात.

आता सगळ्यात धोक्याची जागा. डिस्क अण्णाच्या कॉम्प्युटरला लावली की विंडोज पहिला भाग नीट उघडायचं, आणि दुसऱ्या भागालाही एक अक्षर देऊन विचारायचं, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? अण्णाला माहीत आहे नाही म्हणायचं. पण त्याच्याकडं कामाला येणारी दोन पोरं आहेत, वहिनी बिलं काढायला बसते, कुणीही सरळ मनानं होय दाबेल, कॉम्प्युटर मागतोय म्हणजे द्यावं असंच कुणालाही वाटतं. उपाय सोपा आहे, डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, त्या भागावर राइट क्लिक, ड्राइव्ह लेटर बदला, रिमूव्ह. अक्षर नसलं की विंडोज विचारत नाही. पण हे त्या एका कॉम्प्युटरपुरतं, दुसऱ्याच्या मशीनला लावली की परत विचारणार. म्हणून डिस्कवर चिकटपट्टी लावून त्याच्यावर मार्करनं लिहिलंय: फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा, आत्याला फोन करा.

आणि आठवड्याभरानं मिंटमध्ये एनटीएफएसचा भाग उघडेना. आता परत काय म्हणून धडधडायला लागलं. अण्णानं डिस्क लावलेली असतानाच कॉम्प्युटर शटडाउन केला होता आणि मग काढून मला दिली होती. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन पुरतं होत नाही, थोडं झोपेत जातं, आणि डिस्कवर अजून काम बाकी आहे अशी खूण राहू शकते. ती खूण बघून लिनक्स हात लावत नाही, आणि ते बरोबरच करतं. जबरदस्तीनं उघडायच्या कमांडी सापडतात, मी त्या वापरल्या नाहीत. डिस्क परत अण्णाकडं लावली, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची सोय) चालवलं, इजेक्ट करून काढली, मिंटमध्ये उघडली. मग कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंदच करून टाकलं. अण्णा म्हणाला, "आता चालू व्हायला वेळ लागायलाय." लागू दे.

भोगीच्या दिवशी दुपारी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी झाल्यावर टीव्हीला डिस्क लावली. काठ्या दिसल्या. सात नंदीध्वज, पांढरे बाराबंदीवाले, सगळं. मग अण्णानं ग्राफच्या जेपेग कॉप्या काढून एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या, कारण टीव्हीला टिफ कळत नाही, त्या लावल्या. अप्पा खुर्ची पुढे ओढून बसले. ट्रंकेतला कागद त्यांनी चष्मा वर-खाली करत बघितला होता, इथं एकेक चौकोन बोटाएवढा दिसत होता. मोरपट्टी आली तेव्हा म्हणाले, थांबव. बराच वेळ बघत राहिले, कोपऱ्यातलं पेन्सिलीचं वाचलं.

"हे ८७चं नव्हे गं. ८४चं हाय. तुझ्या अण्णाची मुंज झाली त्या वर्षीचं."

डिस्क टीव्हीतनं काढून लॅपटॉपला लावली, नावातलं "अंदाजे" काढलं, १९८४ लिहिलं, इजेक्ट केलं आणि परत टीव्हीला आणून लावली. अजून सव्वीस राहिलेत.